जिथं नदी पोहोचत नाही

पेठ तालुक्यातला पाऊस समुद्राकडे निघतो तेव्हा लाल झालेला असतो. नाशिकहून इकडे येताना सह्याद्रीची धार ओलांडली की पाण्याची दिशाच फिरते. धारेच्या पूर्वेला पडलेला थेंब गोदावरीत जातो आणि अख्खं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळतो. आमच्या बाजूचा थेंब दमणगंगेत किंवा पार नदीत उतरतो आणि गुजरातमार्गे अरबी समुद्र गाठतो. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही जेमतेम चार महिन्यांत. उतारांवर नागली आणि वरईची शेतं, आणि वरचं रान दर पिढीला विरळ होत गेलेलं. आषाढात नाले गढूळ वाहतात, म्हणजे खरं तर शेतंच वाहत असतात. त्यातला बराच गाळ मधुबन धरणात अडतो, उरलेला दमणला समुद्रात जातो. खंबातच्या आखाताजवळचा तो समुद्र भरती-ओहोटीनं सतत ढवळलेला असतो. तिथं गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तरी आपली पावलं दिसत नाहीत.

जगातल्या उत्तम स्कुबा डायव्हिंग स्थळांची मराठीत ओळख करून देणाऱ्या या पुस्तकाची प्रस्तावना पेठच्या मातीपासून सुरू करावीशी वाटली, त्याला कारण आहे. हस्तलिखित वाचताना मी प्रत्येक ठिकाणाशी एकच प्रश्न विचारत गेलो: इथल्या जमिनीवरचं पाणी कुठं जातं? भूगोल शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला तो सुचणं साहजिक आहे. पण उत्तरं जुळत गेली तसं लक्षात आलं, की डायव्हर ज्या जागांची नावं आदरानं घेतात त्यांच्यातल्या बहुतेक जागी नदी पोहोचतच नाही. आणि जिथं पोहोचते, तिथं तिच्या काठचं जंगल अजून उभं आहे. पुस्तकाचे लेखक स्वतः पाण्यात उतरलेले आहेत, त्यामुळे त्यांनी पाण्याखालचं सांगितलं आहे. मी काठावरचं सांगतो.

आधी थोडं तंत्राविषयी. माणूस दम कोंडून बुडी मारतो ते हजारो वर्षांपासून. पाठीवर हवेची टाकी घेऊन मोकळेपणानं पोहण्याची सोय मात्र १९४३ मधली. फ्रेंच नौदलातले झाक कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी असा झडपेचा नळ बनवला, की डायव्हरनं श्वास ओढला तेवढीच हवा येते आणि तीही भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबानं. दर दहा मीटरला दाब एका वातावरणानं वाढतो. हवा त्या दाबाची मिळाली नाही तर छाती फुलतच नाही. या एका झडपेनं समुद्राचा वरचा तीस-चाळीस मीटरचा थर सामान्य माणसासाठी खुला झाला आणि पाण्याच्या नितळपणाला एकाएकी किंमत आली. तोवर कोळ्याला पाणी किती खोल आणि त्यात मासा किती, एवढ्याशीच देणंघेणं होतं.

नितळपणाची गरज डायव्हरच्या आधी प्रवाळाला असते. प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या देहात सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्याचं बरंचसं पोट त्या शैवालानं उन्हात बनवलेल्या अन्नावर भरतं. पाणी गढूळ झालं की ऊन खाली पोचत नाही, आणि गाळ बसला की प्रवाळ गुदमरतो. म्हणून प्रवाळभिंती जिथं फुलल्या तिथंच डायव्हरही जमले.

तांबड्या समुद्राचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. शर्म अल शेख, दहाब, हुरघाडा ही नावं या पुस्तकात पुन्हा पुन्हा येतील. या समुद्राला बारमाही वाहणारी एकही नदी मिळत नाही. दोन्ही काठांना वाळवंट, पाऊस नावापुरता, बाष्पीभवन प्रचंड. त्यामुळे एरवी समुद्राच्या हजार भागांत पस्तीस भाग मीठ असतं, तिथं उत्तर तांबड्या समुद्रात चाळीसच्या आसपास जातं. माती आणणारं कोणीच नाही म्हणून पाणी असं, की वीस-तीस मीटर लांबची भिंत स्पष्ट दिसते. सिनाईच्या टोकाला रास मोहम्मद हे इजिप्तचं पहिलं राष्ट्रीय उद्यान १९८३ मध्ये झालं. तिथली भिंत किनाऱ्यापासून जवळजवळ सरळ खाली शेकडो मीटर उतरते. त्याच परिसरात ‘थिसलगॉर्म’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज तीसेक मीटरवर पडून आहे. ६ ऑक्टोबर १९४१ च्या रात्री जर्मन विमानांच्या बाँबनं ते बुडालं. त्याच्या पोटातल्या मोटारसायकली, ट्रक, बूट अजून ओळखू येतात. बुडालेल्या जहाजांची आवड असणाऱ्यांनी मायक्रोनेशियातल्या चूक खाडीवरचं प्रकरणही वाचावं. फेब्रुवारी १९४४ मधल्या दोन दिवसांच्या अमेरिकी हल्ल्यात बुडालेलं जपानी आरमार तिथं आहे. माझी ओढ जहाजांकडे नाही. पण इतकं नक्की, की त्या जहाजांना भेटायला जाणाऱ्यानं ती माणसांची दफनभूमी आहे हे मनात ठेवून उतरावं.

मालदीव आणि आपलं लक्षद्वीप यांचं गणित तांबड्या समुद्रासारखंच, फक्त कारण वेगळं. तिथं पाऊस भरपूर पडतो, पण नदी व्हायला डोंगर लागतो आणि डोंगरच नाही. मालदीवची बाराशेच्या आसपास बेटं दीड पुरुष उंचीचीसुद्धा भरत नाहीत. लक्षद्वीपची छत्तीस बेटं मिळून जमीन अवघी बत्तीस चौरस किलोमीटर. पाऊस वाळूत मुरतो, समुद्राला माती मिळत नाही. कडमत, बंगाराम, अगत्ती इथं उतरलेला मराठी माणूस परत आला की पाण्याच्या रंगाविषयीच बोलत राहतो. मालदीवच्या बा प्रवाळवलयात हानिफारू नावाचा एक छोटा उपसागर आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत प्रवाहानं तिथं प्लवकं साचतात आणि ती खायला मांटा जातीच्या प्रचंड वागळ्या झुंडीनं येतात. तिथं टाकी घेऊन उतरायला बंदी आहे. नळी तोंडात धरून वरून पाहायचं. बुडबुड्यांनी वागळ्या बुजतात म्हणून केलेला हा नियम मला फार पटतो. कुठं उतरू नये हे ठरवणं हाही या खेळाचा भाग आहे.

मेक्सिकोतल्या युकातानचा प्रदेश चुनखडीचा. तिथं जमिनीवर नदी दिसत नाही. सगळं पाणी खडकात मुरतं आणि भूमिगत गुहांमधून वाहतं. छत कोसळून उघडे पडलेले त्या पाण्याचे डोह म्हणजे सेनोते. आइसलँडच्या सिल्फ्रा भेगेत तर हिमनदीचं पाणी लाव्हाच्या थरांतून कित्येक वर्षं गाळून येतं. ते दोन ते चार अंश थंड असतं, पण शंभर मीटरपर्यंत आरपार दिसतं. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच. फरक एवढाच, की तिकडचा लाव्हा ताजा आणि सच्छिद्र आहे, आपला साडेसहा कोटी वर्षं जुना, कठीण, आणि वर तासाभरात धो धो कोसळणारा पाऊस. पाण्याला मुरायला उसंत द्यायची तर उतारावर झाड हवं, बांध हवा, समतल चर हवेत. ते नसल्यामुळे एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्यात आमच्या कित्येक पाड्यांवर बायकांना विहिरीच्या तळाशी उतरून पाणी भरावं लागतं. ज्या उतारावर माती थांबत नाही, तिथं पाणीही थांबत नाही. पेठच्या विहिरीचा तळ आणि समुद्राचा गढूळपणा ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. नितळ पाणी म्हणजे समृद्ध पाणी असं नव्हे. खुल्या उष्ण समुद्राचं निळं पाणी एका अर्थानं उपाशी असतं. त्यात पोषक क्षार कमी, म्हणून प्लवकं कमी, म्हणूनच ते आरपार दिसतं. गॅलापागोसच्या उत्तरेला डार्विन आणि वुल्फ ही दोन निर्मनुष्य बेटं आहेत. जगातले अनुभवी डायव्हर तिथं जायला वर्षानुवर्षं पैसे साठवतात. तिथलं पाणी थंड आणि प्लवकांनी धूसर असतं, प्रवाह माणसाला उचलून नेणारे. तरीही हॅमरहेड मुशींचे थवेच्या थवे आणि पोटुशा वाटणाऱ्या प्रचंड व्हेल शार्क तिथं दिसतात. कारण खोलातलं खतावलेलं पाणी तिथं वर येतं. आपल्या कोकणपट्टीवरही पावसाळ्यात असंच खोलातलं पाणी वर चढतं, म्हणून तर बांगडा आणि तारली एवढी मिळते. तेव्हा मालवणचं पाणी मालदीवसारखं निळं नाही म्हणून नाक मुरडणाऱ्यानं आधी ताटातल्या बांगड्याकडे पाहावं. प्लवकांनी आलेली धूसरता हे समुद्राचं अन्न आहे. मातीनं आलेला गढूळपणा हे जमिनीचं नुकसान आहे. पुस्तक वाचताना ही दोन वेगळी ठेवली की पुष्कळ उलगडतं.

माझ्या प्रश्नाला सगळ्यांत चोख उत्तर दिलं ते राजा अम्पतनं. इंडोनेशियाच्या पूर्व टोकाची ही बेटं. डोंगराळ आहेत, पाऊस आमच्यापेक्षाही जास्त काळ पडतो, ओढे आहेत, खारफुटी आहे. नदीच्या हिशेबानं तिथलं पाणी खराब असायला हवं. पण साडेपाचशेहून अधिक जातींचे कठीण प्रवाळ, म्हणजे जगात माहीत असलेल्या जातींपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश, तिथं आहेत. प्रशांत महासागराकडून हिंदी महासागराकडे वाहणारा मोठा प्रवाह ती बेटं सतत धुतो, हे एक कारण. दुसरं असं, की बेटांवरचं दाट जंगल पाण्याबरोबर माती जाऊ देत नाही. हे जंगल तोडून निकेलच्या खाणी सुरू झाल्या तेव्हा लाल माती उतरून किनाऱ्याच्या पाण्यात पसरली. त्याविरुद्ध एवढा आवाज उठला, की जून २०२५ मध्ये इंडोनेशिया सरकारला पाचांपैकी चार कंपन्यांचे परवाने रद्द करावे लागले. ती लाल माती पाहून पेठच्या माणसाला काय वाटेल, हे वेगळं सांगायला नको.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरही हेच. तेवीसशे किलोमीटर लांबीच्या या प्रवाळमालिकेत डायव्हर जातात ते बाहेरच्या कडेला कॉड होलकडे, किंवा तिच्याही पलीकडे ऑस्प्रे रीफकडे. किनाऱ्यालगतच्या भागात बर्डेकिनसारख्या नद्या गुरं चरून उघड्या पडलेल्या रानांची माती आणतात. समुद्र वाचवण्यासाठी तिथल्या सरकारला आता शंभर-दोनशे किलोमीटर आतल्या शेतकऱ्याला नाल्याकाठी कुंपण घालण्यासाठी आणि गवत राखण्यासाठी पैसे द्यावे लागतात. पाणलोटाचं काम आमच्याकडेही होतं, पण त्याचा हिशेब विहिरीच्या पातळीपुरता. त्यात समुद्राची एक ओळ कोणी तरी मांडायला हवी.

आता घराकडे. महाराष्ट्रात ‘स्कुबा करायला जाऊ’ म्हणजे मालवण. सिंधुदुर्ग किल्ला १६६४ मध्ये ज्या कुरटे बेटावर उभारायला घेतला, त्याच्या भोवतालच्या खडपांवर प्रवाळ आहे हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. १९८७ मध्ये २९.१२ चौरस किलोमीटरचं मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. मासेमारांनी त्याला विरोध केला आणि तो समजण्यासारखा होता. रापण ओढून जगणाऱ्याला किल्ल्याजवळच्या पाण्यात नियम आले की भीती वाटणारच. पुढं चित्र बदललं ते त्याच घरांतली मुलं पाठीवर टाकी बांधू लागली तेव्हा. तारकर्लीला एमटीडीसीनं स्कुबा डायव्हिंग आणि जलक्रीडांची संस्था उभारली. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांनी तिथं स्थानिक तरुणांना शिकवून प्रमाणित डायव्हर केलं. ज्यांचे आजे शेवंड आणि कालवं काढायला दम कोंडून बुडी मारत, त्यांची नातवंडं आता नाशिक-पुण्याच्या माणसांना हात धरून खाली नेतात. हा बदल मला जगातल्या कुठल्याही भिंतीपेक्षा कमी मोलाचा वाटत नाही.

मालवणच्या पाण्याचं सगळं नशीब दोन नद्यांच्या मध्ये आहे. उत्तरेला गड, दक्षिणेला देवबागपाशी कर्ली. नारळी पौर्णिमेनंतरही काही आठवडे त्यांचं पाणी समुद्रात रेंगाळतं. दिवाळी सरली की निवळू लागतं. तिथल्या मार्गदर्शकांना तारीख विचारली तर ते आधी तिथी पाहतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तळ ढवळतो, अष्टमीच्या सुमाराच्या भांगात पाणी बसतं. भांगाच्या दिवशी सकाळी लवकर उतरलं आणि चार-पाच मीटर लांबचं दिसलं, तर तो दिवस चांगला समजायचा. गोबरा खडपाच्या कपारीतून बघत असतो, तांबोशीची पिल्लं फिरत असतात. मेंदूसारख्या वळ्यांचे प्रवाळाचे गोळे गाळाची थोडी सवय करून घेऊन जगत आहेत. मला ते फार चिवट आणि म्हणून फार आपले वाटतात. त्यांच्यावर पाय ठेवून फोटो काढणारे आणि माशांना पाव-बिस्किटं चारणारे पर्यटक अजून दिसतात. हे थांबवायला कायद्याची वाट पाहायची गरज नाही, नावेतल्या एका माणसानं बोललं तरी पुरतं.

पण महाराष्ट्राच्या समुद्रात माझ्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे ते अंग्रिया बँकेत. कान्होजी आंग्र्यांचं नाव असलेलं हे बुडालेलं पठार मालवण-विजयदुर्गच्या किनाऱ्यापासून शंभरावर किलोमीटर आत आहे. तिथवर कुठल्याच नदीचा गाळ पोचत नाही. पठाराचा माथा पृष्ठभागापासून साधारण वीस मीटर खाली, आणि पाणी असं स्वच्छ की तेवढ्या खोलीवरही प्रवाळाला ऊन मिळतं. डिसेंबर २०१९ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका मोहिमेनं तिथल्या प्रवाळाची आणि माशांची पाहणी केली. सहलीसाठी ती जागा अजून खुली नाही आणि ती होण्याची घाई असू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी संरक्षण, मग नाव. जानेवारी २०२४ मध्ये सेवेतून निवृत्त झालेली नौदलाची ‘गुलदार’ ही नौका निवती परिसरात पाण्याखाली ठेवून संग्रहालय करण्याची राज्याची योजना आहे. पर्यटकांचा भार नैसर्गिक खडपांवरून अशा ठिकाणी वळला तर मालवणच्या प्रवाळाला थोडी उसंत मिळेल.

उसंत हवीच आहे, कारण माती हे एकच संकट उरलेलं नाही. पाणी फार दिवस नेहमीपेक्षा तापलेलं राहिलं की प्रवाळ आपल्या देहातलं शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या अशा विरंजनाची चौथी मोठी लाट जाहीर केली. लक्षद्वीपमध्ये १९९८ पासून अभ्यास करणाऱ्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या संशोधकांना जिवंत प्रवाळाचं आच्छादन सुमारे निम्म्यावर आलेलं दिसलं. या पुस्तकातली काही वर्णनं वाचक तिथं पोचेपर्यंत जुनी झालेली असतील. समुद्राचं तापमान पेठला किंवा मालवणला बसून उतरवता येणार नाही. माती अडवता येते. आणि गाळ नसलेल्या पाण्यातला प्रवाळ तापाच्या तडाख्यातून सावरण्याची शक्यता जास्त असते, हे अभ्यासकांचं निरीक्षण मला धीर देतं.

शेवटी पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी थोडं. लांबच्या समुद्रावर पैसे घालण्याआधी एकदा मालवणला, डिसेंबर-जानेवारीतल्या भांगात उतरा. दमा, हृदयविकार, फिट येणं, कानाचं दुखणं यांपैकी काही असेल तर फॉर्मवर लपवू नका. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी नावेतच बसा, कानावरचा दाब उतरणार नाही. पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही, विशेषतः वर येताना. अंगठा वर केला की त्याचा अर्थ ‘छान आहे’ असा होत नाही, ‘मला वर न्या’ असा होतो. आपल्याकडचे कितीतरी लोक या एका खुणेमुळे मजा अर्धी टाकून वर येतात. नावेत लाइफ जॅकेट काढू नका आणि गर्दीच्या नावेत चढू नका. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी नाव उलटली आणि दोन पर्यटक गेले. पावसाच्या तोंडावरचे ते दिवस होते.

आणि एक सूचना खास देशावरच्या वाचकांसाठी, जी परदेशी पुस्तकांत अशी सापडणार नाही. डायव्हिंगनंतर रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू निघून जावा लागतो, म्हणून लगेच विमानात बसू नये: एका डायव्हनंतर किमान बारा तास, लागोपाठच्या अनेक डायव्हनंतर किमान अठरा. आपली माणसं विमान नाही म्हणून निर्धास्त असतात आणि संध्याकाळी गाडी काढून घाट चढतात. आंबोली सातशे मीटरच्या जवळ आहे. पाच-सहा मीटरवर पंधरा मिनिटं घालवणाऱ्यासाठी हे काळजीचं नाही. पण कोर्स करून अठरा मीटरपर्यंत उतरला असाल, दोन-तीन डायव्ह झाले असतील, तर त्या रात्री मालवणलाच मुक्काम करा आणि घाट दुसऱ्या दिवशी दुपारनंतर चढा.